जुनी बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन: फेल्टऐवजी कागदी ऑईल फिल्टर टाकावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९८४ ची बुलेट ३५० माझ्याकडे आहे. पॉइंटवाली (जुन्या पद्धतीचं इग्निशन), उजव्या पायाला गिअर. राहायला पंचवटीत. गाडी नुसती पुसून ठेवलेली नाही, निफाडला शेतावर आणि वणीला गडावर तिच्यावरच जाणं होतं. नांदुरी सोडून घाट लागला की इंजिन चांगलंच तापतं, म्हणून ऑईलच्या बाबतीत मला तडजोड नको आहे.

परवा ऑईल बदलताना टायमिंग कव्हरमधला (टायमिंग गिअर झाकणारं इंजिनाचं झाकण) फेल्ट, म्हणजे नमद्याचा ऑईल फिल्टर, काढला. काळा पडला होता ते समजू शकतो, पण तो एका अंगाने दबून तिरका झाला होता आणि टोकाचे तंतू सुटून आले होते. बोटांत पिळला तर ऑईलबरोबर बारीक चमचमता कीस उतरला. कागदावर घेऊन चुंबक फिरवला. बराचसा चिकटला, थोडा राखाडी तसाच पडून राहिला. चिकटला तो बोअर, रिंग किंवा टायमिंग गिअरचा धरतो. न चिकटलेला पिस्टनचा की बिगएंडच्या (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) बुशचा, हीच काळजी आहे. इंजिनाला खडखड नाही, धूर नाही.

या इंजिनात फीड पंपाचं (टाकीतून ऑईल पुढे ढकलणारा पंप) ऑईल आधी फिल्टरमध्ये येतं आणि तिथून क्रँकच्या टोकातून बिगएंडला जातं. म्हणजे बिगएंडची सगळी भिस्त या एका फेल्टवर. तो जाड कचरा धरतो, बारीक सोडून देतो, आणि बेअरिंग झिजवतो तो बारीकच. त्याच मापाचा घड्यांचा कागदी फिल्टर मिळतो. तो टाकावा असं मनात आहे, पण निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांखाली जातो. अशा पहाटे २०डब्ल्यू-५० मधासारखं घट्ट झालेलं असताना छोटासा प्लंजर पंप ते कागदातून ढकलेल का? की कचरा अडवायच्या नादात बिगएंडच कोरडा पडेल?

माझा मिस्त्री म्हणतो, कारचा स्पिन-ऑन (पेचाने बसणारा डबा) फिल्टर रॉकरच्या (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बाहेरच्या पाइपवर बसवू, सातपूरला अडॅप्टर टर्न करून मिळेल. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगता येत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

भाऊ, तुमची शंका रास्त आहे. रॉकरला ऑईल जातं ते रिटर्न पंपाचं (क्रँककेसमधलं ऑईल टाकीकडे परत नेणारा), बिगएंडला जातं ते फीड पंपाचं. त्या पाइपवर फिल्टर लावला तर बिगएंडच्या तोंडाशी काहीच बदलत नाही. उलट फिल्टर तुंबला तर रॉकर उपाशी राहतील, रिटर्न अडेल, क्रँककेसमध्ये ऑईल साचेल आणि ब्रीदरमधून बाहेर फेकलं जाईल. हे करू नका.

कागदी फिल्टर मी माझ्या गाडीत वापरतो आणि समाधानी आहे. मात्र तो दोन्ही टोकांना घट्ट बसलाय ना ते बघा. वॉशर, स्प्रिंग यांचा क्रम चुकला किंवा फट राहिली तर ऑईल बाजूने निसटतं आणि फिल्टर नावापुरता उरतो. बसवण्याआधी फिल्टर ऑईलमध्ये भिजवा, चेंबरही भरून घ्या. सुरू केल्यावर टायमिंग कव्हरवरचा ऑईल फीडचा प्लग थोडा सैल करून ऑईल झिरपतं का ते पाहा. झिरपलं नाही तर लगेच बंद करा. टॅपेट कव्हर उघडून रॉकरला ऑईल दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ती वाट वेगळी आहे. थंडीत किक मारल्यावर मिनिट-दोन मिनिटं हलक्या रेसवर राहू द्या, लगेच पिळू नका.

प्रतिसाद २

आधी ऑईल कोणतं चालू होतं ते सांगा. वर्षानुवर्षं साधं, डिटर्जंट नसलेलं ऑईल असेल तर गाळ तळाशी बसलेला असतो. एकदम डिटर्जंटवालं मल्टिग्रेड भरलं की तो सुटतो आणि नवा कागद लवकर तुंबवतो. अशा वेळी पहिलं ऑईल आणि फिल्टर ५०० किलोमीटरलाच काढा. ऑईल टाकी आणि क्रँककेस, दोन्हींचे ड्रेन नट खोला, बरेच जण एकच खोलतात. चुंबकाचा ड्रेन नट जरूर लावा, पण तो बुशचा किंवा पिस्टनचा कीस धरणार नाही.

आणि फिल्टर पंपाच्या पुढे आहे, तो पंपाला वाचवत नाही. किसाने पंपाच्या डिस्कवर (पंपातली सपाट चकती) चरे पडले असतील तर दाब तिथेच गळतो आणि कितीही भारी फिल्टर टाकून उपयोग नाही. टायमिंग कव्हर उघडताय तर डिस्क उजेडात तिरकी धरून बघा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ऑईल गेली काही वर्षं २०डब्ल्यू-५० मल्टिग्रेडच आहे, त्याआधी वडील एसएई ४० भरायचे. म्हणजे जुना गाळ असू शकतो. स्पिन-ऑनचा विषय संपला, मिस्त्रीलाही हे वाचून दाखवलं.

आज डिस्क काढून पाहिल्या. फीडच्या डिस्कवर नखाला लागेल असा एक गोल चरा आहे, रिटर्नची स्वच्छ आहे. आता प्रश्न उरतो तो एवढाच: ही डिस्क काचेवर बारीक पेस्टने घासून सपाट करता येईल, की कव्हरच्या बैठकीवर जागेवरच लॅप करावी (पेस्ट लावून एकमेकांवर घासून जुळवावी) लागेल? बैठकही फिक्या रेघांनी भरलेली आहे. सातपूर-अंबडकडे हे काम हाताने नीट करणारं कोणी माहीत असेल तर व्यक्तिगत संदेशात कळवा. तोपर्यंत गाडी उघडीच ठेवतोय.