मदत हवी आहे: अँजेलिकाच्या देठांची कँडी हिरवी राहत नाहीये

अँजेलिका (कोथिंबिरीच्या कुळातली सुगंधी वनस्पती, आर्चअँजेलिका जात, बागेत मुद्दाम लावलेली, त्यामुळे तिच्यासारख्याच दिसणाऱ्या विषारी हेमलॉकशी गल्लत वगैरे काही नाही) आता दुसऱ्या वर्षात आलीये, फुलांचे दांडे अजून वर आले नाहीयेत म्हणून कोवळे देठ कापून साखरेत मुरवायला घेतले. आधी उकळत्या पाण्यात मऊ केले, बाहेरची दोरेवाली साल ओढून काढली, मग रोज पाक गाळून थोडी साखर वाढवून परत गरम करून ओतला. वास अप्रतिम येतो, गोडसर आणि जरासा जुनिपरसारखा, पण रंग हिरव्याचा मळकट खाकी होतो आणि टोकं चामट होतात. पाकात लिंबू अजिबात घातलं नव्हतं. कापताना हातमोजे होते, ह्याचा रस अंगाला लागून ऊन पडलं की चट्टे येतात हे माहितीये.

खायचा रंग आणि सोडा दोन्ही वापरायचे नाहीत. जाडसर देठ अजून शिल्लक आहेत, पण एकदा फुलं आली की ते राठ होणार, म्हणून जरा घाई आहे. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, साल काढल्यावर देठ पुन्हा त्याच गरम पाण्यात झाकून हिरवे होईपर्यंत ठेवायचे का, आणि पहिला पाक किती पातळ घ्यायचा?