मदत हवी आहे: सेन्सरचा सप्लाय तोडला तरी बोर्ड झोपेत ०.६२ मिलीअँप खातोय

नमस्कार मंडळी,

सांगोला तालुक्यात घरची डाळिंबाची बाग आहे. बहार धरण्याआधी बागेला ताण देतो, म्हणजे पाणी तोडतो. ताण किती बसला हे आजवर पानगळ बघून आणि मूठभर माती दाबून ठरवत आलो. त्याऐवजी ओलावा मोजून घरी पाठवणारा छोटा बोर्ड मी स्वतः डिझाइन केला आणि पाच नग बनवून घेतले. रीडिंग व्यवस्थित येतात, रेडिओ बागेच्या टोकापासून घरापर्यंत पोहोचतो. अडलंय एकाच ठिकाणी. झोपेत जेवढा करंट जायला हवा त्याच्या पाऊणशे पट जातोय, आणि तीन आठवडे डोकं लावूनही तो कुठून जातो ते सापडत नाही.

बोर्डावर काय आहे ते सांगतो. कंट्रोलर एटीमेगा३२८पी, ३.३ व्होल्टवर, आतल्या ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरवर. एक १८६५० लिथियम सेल, २६०० मिलीअँप-तासांचा. रेग्युलेटर एमसीपी१७००. रेडिओ आरएफएम९५डब्ल्यू, ८६५-८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात. हवेचं तापमान आणि आर्द्रता बीएमई२८० वरून, आय-टू-सीने (एसडीए आणि एससीएल या दोन तारांवरून चालणारा डेटा). मातीत खुपसायचा कपॅसिटिव्ह सेन्सर तीन तारांच्या कनेक्टरवर. बीएमई आणि माती सेन्सर या दोघांचा पॉझिटिव्ह एका पी-चॅनल मॉस्फेटमधून (एओ३४०१, इथे सप्लाय चालू-बंद करणारा स्विच) जातो. त्याच लाइनवर १ के मधून एक लाल एलईडी आहे, सेन्सर चालू असल्याचं कळावं म्हणून.

मोजून झालं की मॉस्फेट बंद, रेडिओ स्लीपमध्ये, कंट्रोलर पॉवर-डाउनमध्ये. वॉचडॉग (कंट्रोलरच्या आतला टायमर) दर ८ सेकंदांनी उठवतो आणि ११२ वेळा उठला की नवं रीडिंग घेतो.

माझा हिशोब असा: वॉचडॉगसकट पॉवर-डाउनचे ४.२ मायक्रोअँप, रेग्युलेटरचे १.६, रेडिओचे ०.२, आणि सेलचं व्होल्टेज मोजायला लावलेल्या १ मेगओहमच्या जोडीतून २. बेरीज ८ मायक्रोअँप. मीटर दाखवतोय ०.६२ मिलीअँप.

मोजण्याच्या पद्धतीत चूक असेल म्हणून तेही सांगतो. मीटर सेलच्या पॉझिटिव्हमध्ये सिरीजला आहे. मायक्रोअँप रेंजवर माझ्या मीटरचा आतला रोध १०१ ओहम भरतो, त्यामुळे रेडिओने पाठवायला घेतलं की व्होल्टेज कोसळून बोर्ड रीसेट व्हायचा. आता मीटरच्या दोन टोकांमध्ये क्रोकोडाइल क्लिपची वायर लावून ठेवतो आणि बोर्ड झोपला की ती काढतो. दर ८ सेकंदांनी आकडा क्षणभर उसळतो आणि परत ०.६२ वर येऊन बसतो. म्हणजे कंट्रोलर खरोखर झोपतोय.

आतापर्यंत केलेलं: झोपण्याआधी एडीसी (कंट्रोलरचा व्होल्टेज मोजणारा भाग) बंद केला (आधी तो चालूच राहत होता, तेव्हा आकडा याहून मोठा होता). ब्राउन-आउट (व्होल्टेज घसरल्यावर रीसेट करणारी सोय) कंट्रोलरच्या फ्यूज सेटिंगमधून बंद केला. मोकळ्या पिना आउटपुट लो केल्या. रेडिओवर संशय होता, पण तो स्टँडबायमध्ये राहिला असता तर एकटाच १.६ मिलीअँप खाल्ला असता. इथे एकूणच त्याच्या निम्म्याहून कमी आहे.

आता विचित्र गोष्ट. माती सेन्सरचा कनेक्टर काढला की ०.६२ वरून ०.३५ वर येतो. पण मॉस्फेट बंद असताना त्या सेन्सरला सप्लायच नसायला हवा! गेटवर (मॉस्फेटच्या नियंत्रण पिनेवर) ३.२९ व्होल्ट आहेत, सोर्सइतकेच (सप्लाय आत येतो ती पिन), म्हणजे मॉस्फेट बंदच. तरी लीक होत असेल म्हणून दोनदा बदलला. काही फरक नाही.

एवढा जीव का काढतोय तेही सांगतो. रीडिंग घ्यायला आणि पाठवायला सरासरी ३० मायक्रोअँप पडतात. त्यात हे ०.६२ मिळवलं तर सेल कागदावर साडेपाच महिने टिकतो, प्रत्यक्षात आणखी कमी. ताणापासून तोडणीपर्यंत सात-आठ महिने जातात. ऐन फळ फुगण्याच्या दिवसांत बोर्ड बंद पडला तर उपयोग काय?

कुणी वाट दाखवली तर फार मदत होईल.

प्रतिसाद

मापन नीट केलं आहेस, त्याबद्दल शंका नको. पण मॉस्फेट बदलत बसू नकोस. चांगल्या एओ३४०१ चं बंद असतानाचं लीकेज एखाद्या मायक्रोअँपच्या पुढे जात नाही, शेकडो मायक्रोअँपची तर गोष्टच सोड.

मी असतो तर बदलण्याऐवजी मॉस्फेट उपटूनच काढला असता. जागा रिकामी ठेव, बोर्ड चालू कर आणि परत मोज. करंट गेला तर दोष मॉस्फेटचा किंवा त्याच्या गेटचा. नाही गेला तर सेन्सरकडे जायला दुसरी वाट आहे हे पक्कं होईल. आणखी एक कर: माती सेन्सर काढून, बोर्ड झोपलेला असताना खोलीतला दिवा घालव आणि त्या लाल एलईडीकडे बघ.

धागाकर्ता

काका, काल रात्री केलं. मॉस्फेट काढला, तिथे आता नुसती तीन पॅड आहेत. माती सेन्सर लावलेला: ०.६२. काढलेला: ०.३५. एका अंशाचाही फरक नाही.

दिवा घालवल्यावर एलईडी मंद तांबडा दिसतोय. दिवसा कधी लक्षातच आलं नव्हतं. माती सेन्सर परत लावला की विझतो.

आणि यापुढचं तर माझा विश्वास बसेना. मॉस्फेट बोर्डावर नाही, माती सेन्सर काढलेला आहे, आणि पंधरा मिनिटांनी बीएमईने तापमान पाठवलं. बरोबर तापमान! ज्या चिपला सप्लायची तारच नाही ती उत्तर कशी देते?

प्रतिसाद

सापडली वाट. बीएमईला सप्लाय त्याच्या डेटाच्या पिनांमधून मिळतोय.

तुझे आय-टू-सीचे दोन पुलअप (तारा सप्लायकडे वर ओढून ठेवणारे रेझिस्टर) कुठे बांधले आहेत? मला खात्री आहे की ते कायम चालू असलेल्या ३.३ वर आहेत. अशा चिपच्या प्रत्येक पिनेवर आत संरक्षणासाठी डायोड असतो, पिनेकडून सप्लायकडे जाणारा. नेहमी सप्लाय पिनेएवढा किंवा वर असतो म्हणून तो डायोड गप्प बसतो. तू सप्लाय तोडलास, पण एसडीए आणि एससीएल पुलअपमुळे वरच राहिले. मग करंट पुलअपमधून पिनेत, डायोडमधून चिपच्या सप्लाय पिनेवर, आणि तिथून उलटा बाहेर, तुझ्या बंद केलेल्या लाइनवर. त्या लाइनवर जे काही आहे ते सगळं या चोरवाटेवर जगतंय: एलईडी, माती सेन्सर, बीएमई स्वतः. माती सेन्सर लावलास की लाइनचं व्होल्टेज खाली ओढलं जातं, करंट वाढतो आणि एलईडीला पुरेसं व्होल्टेज उरत नाही म्हणून तो विझतो.

बीएमई२८० च्या डेटाशीटात स्पष्ट इशारा आहे: आय-ओचा सप्लाय बंद असताना इंटरफेसची कुठलीही पिन हाय ठेवायची नाही, डायोडमधून जादा करंट जाऊन चिप कायमची खराब होऊ शकते. तुझ्याकडे मध्ये पुलअप होते म्हणून चिप वाचली.

खात्री करायची असेल तर माती सेन्सर काढून, बोर्ड झोपलेला असताना तीन जागी व्होल्टेज मोज: बंद लाइन, एसडीए, आणि पुलअप रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये.

धागाकर्ता

पुलअप दोन्ही ४.७ के, आणि हो, कायमच्या ३.३ वर. काढलेली मापं:

बंद लाइनवर १.९९ व्होल्ट. एसडीएवर २.५९. दोघांतला फरक ०.६०, म्हणजे तुम्ही म्हणालात तो डायोडच. पुलअपवर ०.७१ व्होल्ट, म्हणजे एकातून ०.१५ मिलीअँप, दोन्हींतून ०.३०. मीटर ०.३५ दाखवतो आणि माझा हिशोब ८ मायक्रोअँपचा. बाकीचे ४० मायक्रोअँप जुळत नाहीत, पण मोठा चोर सापडला. कंटिन्यूटी तपासताना मी फक्त ग्राउंडला शॉर्ट आहे का बघत होतो. झोपलेल्या बोर्डावर या तारांचं व्होल्टेज मोजायचं एकदाही सुचलं नाही.

मॉस्फेट परत बसवला. पुलअपकडे जाणारा ट्रॅक ब्लेडने कापला आणि दोन्ही पुलअप बारीक वायरने सेन्सरच्या लाइनवर घेतले. आता माती सेन्सर लावून ०.१२ मिलीअँप. पाचपट कमी झाला, पण १२० मायक्रोअँप अजून आहेतच. दुसरी वाट कोणती?

प्रतिसाद

तुमचे ते न जुळणारे ४० मायक्रोअँप आणि आताचे १२०, दोन्हींचं कारण एकच आहे, आणि ते कोडमध्ये आहे.

अर्डुइनोची ‘वायर’ नावाची आय-टू-सी लायब्ररी (तयार कोड) वापरत असाल ना? वायर.बिगिन केलं की ती एटीमेगाच्या आतले पुलअप एसडीए आणि एससीएलवर चालू करते. ते २० ते ५० के चे असतात. ३५ के धरा: ०.७१ व्होल्टला एकातून २० मायक्रोअँप, दोघांतून ४०. तुमचा हिशोब इथे पूर्ण जुळतो. आता बाहेरचे पुलअप हलवलेत, तरी आतले कायमच्या सप्लायवरच आहेत, आणि त्यांचा करंट नव्या जागच्या ४.७ के मधून सरळ सेन्सर लाइनवर उतरतो.

झोपण्याआधी वायर.एंड बोलवा. ते आय-टू-सी बंद करतं आणि आतले पुलअपही काढतं. जाग आल्यावर बिगिन परत, आणि बीएमईची लायब्ररीही नव्याने सुरू करावी लागेल, कारण सप्लाय गेल्यावर तो आपल्या सेटिंग्ज विसरतो.

पण मी तुमच्या जागी असते तर वेगळं केलं असतं. बीएमई२८० स्लीपमध्ये ०.१ मायक्रोअँप खातो. एवढ्यासाठी त्याचा सप्लाय तोडण्यात काहीच वाचत नाही, उलट ही सगळी भानगड त्यातूनच उभी राहिली. बीएमईला कायमच्या ३.३ वर घ्या, पुलअप मूळ जागी परत न्या, आणि मॉस्फेटवर फक्त माती सेन्सर ठेवा. त्याची अ‍ॅनालॉग तार कंट्रोलरकडे फक्त येते, आपण तिच्यावर काही लादत नाही, त्यामुळे तिकडून चोरवाट तयार होणार नाही. तेवढं बघा की झोपेत ती पिन इनपुट आहे आणि तिचा पुलअप बंद आहे. मोकळ्या पिनांचं लूप लिहिताना ती त्यात सापडली तर मग वेगळाच गोंधळ.

एक काळजी घ्या. काही लायब्ररी बीएमईला नॉर्मल मोडमध्ये टाकतात, मग तो सतत मोजत बसतो आणि शेकडो मायक्रोअँप खातो. फोर्स्ड मोड लावा: सांगितलं की एकदा मोजतो आणि आपोआप झोपतो.

धागाकर्ता

ताई, आधी वायर.एंड तेवढं टाकून बघितलं. ९ मायक्रोअँप! मीटरची रेंज चुकली असं वाटून सेल काढून परत लावला. ९ च.

मग दुसऱ्या बोर्डावर तुम्ही सांगितलेला बदल केला. बीएमईच्या सप्लाय पिनेचा ट्रॅक कापून कायमच्या ३.३ ला जंपर, पुलअप जागच्या जागी, मॉस्फेटवर फक्त माती सेन्सर आणि एलईडी. फोर्स्ड मोड लावायच्या आधी ०.६ च्या पुढे गेला होता. तुमचं वाक्य वाचलेलं नसतं तर तिथेच परत अडकलो असतो. लावल्यावर ९. इथे आय-टू-सीला हातही लावावा लागत नाही, जाग आली की सरळ रीडिंग. उरलेल्या तीन बोर्डांवर हाच बदल केला.

त्यातला एक ३१ दाखवत होता. जंपर झाळताना सांडलेला फ्लक्स मेगओहमच्या जोडीवर पसरला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून उन्हात तासभर ठेवला, तोही ९ वर आला.

अंधारात पाचही बोर्ड ओळीने मांडून पाहिले, एकही एलईडी लागलेला नाही. काका, ताई, तुमच्या दोघांमुळे ताण सुरू व्हायच्या आत बोर्ड बागेत जातील. पुढच्या खेपेसाठी डिझाइनमध्ये बीएमईचा सप्लाय बदलून ठेवला आहे. स्किमॅटिक पुढच्या प्रतिसादात टाकतो, नवी ऑर्डर देण्याआधी तुम्ही एकदा नजर टाकलीत तर बरं होईल.