थ्री-डी नेव्हिगेशनला मराठीत काय म्हणाल?

पूर्वा_यवतमाळ
गावच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते लिहितेय. उंदराच्या मेंदूत ठरावीक जागी पोचल्यावरच चेतणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये सापडल्या. पुढे २०१३ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत वटवाघळांना खोलीत मोकळं उडू देऊन हेच तपासलं, तर एकेका पेशीची हद्द, म्हणजे ती जिथे चेतते तेवढी जागा, चेंडूसारखी गोल निघाली. म्हणजे लांबी-रुंदीइतकीच बारीक नोंद उंचीचीही. इथवर जमलं. मथळ्यात 'त्रिमितीय मार्गनिर्देशन' लिहिलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, हे पोट्टे वाचणार नाहीत." दुसरं काही सुचतं का?

दिक्पाल
'दिक्चालन' आहे की. आणि 'त्रिमितीय' कशाला? दाही दिशांत ऊर्ध्व आणि अधर येतातच. आपल्या दिशा मुळात थ्री-डी आहेत.

धुऱ्यावरचा
'चालन' लायसनवर शोभते, भाऊ. पाखरू काही चालवत नाई, ते जाते. आमच्या इकडं 'रस्ता काढते' म्हंतात. विहिरीतला पारवा पाहा. पंख आवळून काठाच्या आत शिरते, अर्ध्यात फडफडून वेग मोडते अन् बरोबर आपल्याच कपारीत बसते. निघताना उभाच्या उभा वर येते, पंख वाजवत. काठ सुटला की आडवा होऊन तुरीच्या वावरात. त्याले कायले पाहिजे दिक्चालन?

कल्याणी
रस्ता काढणं म्हणजे अडचणीतून वाट शोधणं. पारव्याला वाट पाठ आहे, तो काढत नाही. तक्त्यात मेंदूतल्या नकाशाबद्दल आहे, त्यामुळे 'जागेचं भान' म्हणा. 'अवकाशभान' मात्र नको, लोकांना रॉकेट आठवेल.

दिक्पाल
सोप्याच्या नावाखाली भाषा किती उथळ करायची? पोरांना 'प्रकाशसंश्लेषण' चालतं, 'दिक्चालन' का नाही?

धुऱ्यावरचा
चालते कुठं? पाठ करतात, पेपरात लिहितात, घरी येऊन 'फोटोसिंथेसिस' म्हंतात.

सातेरीवाला
दिशांचा विषय निघालाच आहे तर माझ्या पेट्यांमधली गोष्ट सांगतो. सातेरी मधमाश्यांची पोळी उभी असतात, आत अंधार. बाहेरून आलेली माशी पोळ्यावर नाचते. सरळ वर नाचली तर 'सूर्याच्या दिशेनं जा', तिरकी नाचली तर सूर्यापासून तेवढ्या कोनात. पोट हलवत जितका वेळ धावते, तितकं अंतर लांब. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली, १९७३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गंमत पुढेच आहे. त्यांनी उंच मनोऱ्यावर पाक ठेवला. माश्यांनी परत येऊन नाच केला, पण तो पाहून निघालेल्या माश्या खालीच हुडकत राहिल्या. 'उंच' सांगायला त्या नाचात खूणच नाही! दिक्पाल, तुमच्या दहा दिशांपैकी दोन तिथे कटल्या.

कल्याणी
वा! म्हणजे पोळ्यावरचं 'वर' हे 'वर' नाहीच, सूर्याकडे.

वाटसरू
दिशा, दिसणे, दाखवणे, सगळं एकच. जे दिसतं ती दिशा. आजोबा सांगायचे.

दिक्पाल
आजोबांचा मान राखून: दिसणे 'दृश्'वरून, दिशा 'दिश्'वरून. 'दिश्' म्हणजे बोटानं दाखवणे. निर्देश, आदेश, उपदेश त्यातलेच.

सातेरीवाला
मग माशीचा नाच हा खरा 'निर्देश' झाला. मार्गनिर्देशन माशी करते, वटवाघूळ नाही. ते कोणाला सांगत नाही, स्वतः जातं.

पूर्वा_यवतमाळ
हे पटलं. 'निर्देशन' काढते. पण मथळा?

धुऱ्यावरचा
'वाघूळ वर्तं-खाल्तं कसं ओळखते' लिहा. गावात सगळ्यायले समजते.

दिक्पाल
तक्त्यावर बोली? उद्या व्याकरणही बोलीतच शिकवा.

कल्याणी
शिकवलं तर काय बिघडलं? पण 'वर्तं' मध्ये घोळ आहे. माझ्या माहेरी 'वरच्या आंगाले' म्हणजे नाला जिकडून वाहत येतो तिकडे. आभाळाशी काही संबंध नाही.

धुऱ्यावरचा
ते 'वरचं आंग', ताई. 'वर्तं' वेगळं. छपरावरची कोंबडी वर्तं असते, नाल्याच्या वर्तं नसते.

झाडीपट्टी
वऱ्हाडी म्हणजे अख्खा विदर्भ नव्हे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे झाडीबोली आहे. तुमचं 'वर्तं' तुम्हाला लखलाभ.

धुऱ्यावरचा
अख्खा विदर्भ कोण म्हटलं, बाप्पा? तक्ता यवतमाळच्या शाळेत लागणार हाय.