खासगी महाविद्यालयातून संशोधनलेख वाचायचे कसे?

प्रश्न
मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पुन्हा का फोफावली, याविषयीचा एक लेख मला विद्यार्थ्यांपुढे मांडायचा आहे. त्यातले नमुने विदर्भातल्याच शेतांतून गोळा केलेले आहेत. तरीही सारांशाखाली ३४ डॉलर भरण्याची सूचना येते. शासनाने वर्गणी भरून संस्थांना संशोधन नियतकालिके वाचायला देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचा आम्हाला उपयोग होईल का?

उत्तर १ (ग्रंथपाल)
मॅडम, सध्या नाही. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झालेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत, पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य शासनाच्या संस्थांपुरतीच आहे. खासगी महाविद्यालयांतही याच राज्यातली मुले शिकतात, हे धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे होते. तूर्त गूगल स्कॉलरवर त्या लेखाच्या ‘सर्व आवृत्त्या’ उघडून पाहा आणि ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ बसवून घ्या. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल, तर ते दाखवते.

उत्तर २ (संशोधक विद्यार्थी)
सारांशाच्या पानावर ज्या लेखकाचा ईमेल असतो, त्यांना सरळ लिहा. आपण काय शिकवता आणि लेख कशासाठी हवा, एवढे चार ओळींत पुरते. मी असे रात्री लिहिले, तर सकाळी लेखाबरोबर त्यांच्या निरीक्षणांची एक्सेल फाईलही आली होती, आणि माझे पुढचे काम त्या फाईलवरच उभे राहिले.

उत्तर ३ (निवृत्त प्राध्यापक)
वरचे दोन्ही उपाय योग्यच आहेत, मात्र मुळाशीही जायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये गरीब देशांतील संस्थांना संशोधन नियतकालिके मोफत किंवा स्वस्तात वाचता यावीत म्हणून ‘हिनारी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात भारत नव्हता. बांगलादेश होता, पण जानेवारी २०११ मध्ये काही मोठ्या प्रकाशकांनी तिथला मोफत प्रवेश अचानक काढून घेतला आणि जगभरातून टीका झाल्यावर तो पुन्हा दिला. दुसऱ्याच्या मर्जीवर मिळालेले वाचन असे एका पत्राने बंद होऊ शकते. आपल्याकडे विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्येच धोरण केले, की त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाचे स्वीकृत हस्तलिखित (नियतकालिकाने छापण्यासाठी स्वीकारलेला लेखकाचा मसुदा) खुल्या भांडारात, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येईल अशा ऑनलाइन संग्रहात, ठेवले जावे. म्हणून लेखकांना लिहिताना निधी कोणाचा होता हेही विचारा, आणि तो या विभागांचा असेल तर हस्तलिखित भांडारात ठेवण्याची विनंती करा, म्हणजे पुढच्या शिक्षकाला पुन्हा मागावे लागणार नाही.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. अनपेवॉलवर प्रत सापडली नाही. लेखकांना आत्ताच ईमेल केला असून त्यात भांडाराची विनंतीही जोडली आहे.