कोहेनला मरू द्यायला हवं होतं का? ('द लास्ट हीरो'च्या शेवटाबद्दल)

जुनं पान

टेरी प्रॅचेटचं 'द लास्ट हीरो' (२००१, पॉल किडबीच्या चित्रांसह) नुकतंच पुन्हा वाचलं. या पुस्तकाच्या शेवटाशी माझं जमत नाही आणि का जमत नाही ते मांडायचं आहे. शेवट सांगितल्याशिवाय ते शक्य नाही, तेव्हा पुस्तक वाचायचं राहिलं असेल तर आधी ते वाचा.

ज्यांना डिस्कवर्ल्ड (प्रॅचेटची विनोदी कल्पनारम्य पुस्तकमालिका आणि तिच्यातलं जग) माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोहेन हा रानटी योद्धा. देवळं लुटणं, राक्षस मारणं, बंदिवान सोडवणं हा त्याचा धंदा. या धंद्यात माणसं तरुणपणीच मरतात, हा मात्र म्हातारा झाला, कारण मरायचं कसं टाळायचं हे त्याच्याइतकं कुणालाच जमलं नाही. त्याची टोळी म्हणजे 'सिल्व्हर होर्ड'. ट्रकल आहे, केलेब आहे. मॅड हॅमिश चाकांच्या खुर्चीत बसलेला आणि कानाने ठार. बॉय विली सगळ्यांत लहान म्हणून 'बॉय', तोही ऐंशीला टेकलेला. १९९४ च्या 'इंटरेस्टिंग टाइम्स'मध्ये या टोळीने एक अख्खं साम्राज्य खिशात घातलं होतं.

'द लास्ट हीरो' सुरू होतं तेव्हा राजवाड्यातली गादी त्यांना टोचायला लागलेली असते आणि टोळीतला ओल्ड व्हिन्सेंट गेलेला असतो. रणात नव्हे, जेवताना काकडी घशात अडकून. हे त्यांच्या जिव्हारी लागतं. मग ही मंडळी जगाच्या मध्यावर उभ्या असलेल्या कोरी सेलेस्टी पर्वताकडे निघतात. तिथे देव राहतात. जगातल्या पहिल्या वीराने देवांकडून अग्नी चोरला होता. हे शेवटचे वीर तो परत करणार, तोही व्याजासकट, म्हणजे स्फोटकाने ठासून भरलेलं पिंप घेऊन. ते तिथे फुटलं तर सगळं जगच संपणार, आणि त्यांना थांबवायला मागून दुसरी तुकडी निघालेली.

पुस्तकाचा पहिला दोन तृतीयांश भाग मला अतिशय मोलाचा वाटतो. म्हातारपणातला राग इतका स्वच्छ मांडलेला मी फार कमी वाचलाय. या लोकांना मरणाची भीती नाही. त्यांचा आक्षेप असा की आयुष्यभर ज्या नियमांनी खेळलो, ते नियमच शेवटी कुणीतरी बदलले. तलवार हातात असताना मरण आलं असतं तर तक्रार नव्हती. पण गुडघे, दात, कान एकेक करून काढून घ्यायचे आणि मग एक दिवस काकडी पाठवायची, हा त्यांना अपमान वाटतो. मलाही वाटतो.

आणि मग शेवट. देवांच्या दारात त्या दुसऱ्या तुकडीतला कॅप्टन कॅरट, शहराच्या पहाऱ्यातला तरुण अधिकारी, एकटा त्यांच्यासमोर उभा राहतो. टोळीला कळतं की बरेच जण विरुद्ध एक शूर माणूस असा सामना असेल तर गोष्टीत जिंकतो तो एकटा. आजवर तो एकटा म्हणजे आपण होतो, आज आपण चुकीच्या बाजूला उभे आहोत. पिंपाची वात तर पेटलेली. ते पिंप उचलतात आणि पर्वताच्या कड्यावरून खाली झेपावतात.

इथे पुस्तक संपायला हवं होतं. पण नाही. वीरांना स्वर्गात न्यायला वाल्किरी (नॉर्स पुराणातल्या घोडेस्वार देवदूती) येतात, आणि हे म्हातारे त्यांचेच घोडे पळवून ताऱ्यांकडे निघून जातात. माझ्या मते इथे प्रॅचेटचं मन कच्चं झालं. त्याला आपल्या माणसांना मरू देववलं नाही.

आपल्याकडे महाभारतात बघा. मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन अर्जुन निघतो आणि वाटेत आभीर हल्ला करतात. गांडीवाला प्रत्यंचा चढवताना त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, भाते रिकामे होतात, शेवटी तो धनुष्याच्या टोकाने मारामारी करतो आणि हरतो. पुढे महाप्रस्थानात अग्नी वाट अडवून गांडीव परत मागतो, अर्जुन ते पाण्यात टाकतो. मग मेरूच्या वाटेवर द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम एकामागून एक पडतात. कुणालाही घोडा मिळत नाही. व्यासांना जे जमलं ते प्रॅचेटला जमायला हवं होतं, कारण तो त्या ताकदीचा लेखक होता.

निशाचर

जुनं पान, लेखन आवडलं, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

पहिली गोष्ट म्हणजे वाल्किरी कुणासाठी येतात? रणात पडलेल्यांसाठी. जिवंत माणसाला न्यायला त्या येत नाहीत. म्हणजे कोहेन आणि मंडळी मेलेली आहेत! तुम्हाला हवं असलेलं मरण पुस्तकात घडून गेलंय. लेखकाने त्यांना मरणापासून वाचवलेलं नाही. मेल्यानंतर जी ठरलेली जागा मिळते, ती मेजवानी, तो मानाचा पाट, ते सगळं नाकारायची मुभा त्याने त्यांना दिली. तुम्ही जिला सुटका म्हणता तो मला नकार दिसतो.

दुसरं, महाभारत तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. पाचही जण पडल्यावर युधिष्ठिर चालत राहतो, इंद्र रथ घेऊन येतो, आणि युधिष्ठिर त्या रथात बसायला नकार देतो. का, तर सोबत आलेल्या कुत्र्याला घेत नाहीत म्हणून. पुढे स्वर्गारोहणपर्वात दुर्योधन स्वर्गात मजेत बसलेला आणि आपली माणसं नरकात, हे पाहिल्यावर तो नरकातच राहायचं ठरवतो. स्वर्गाच्या दारात उभं राहून 'तुमच्या अटींवर नको' म्हणणारा म्हातारा वीर आपल्याच महाकाव्यात आहे. कोहेन त्याच जातकुळीचा.

आणि फाशांचा प्रसंग तुम्ही गाळलात याचं आश्चर्य वाटलं, कारण शेवटाची किल्ली तिथे आहे. देवांच्या दरबारात खुद्द नियती कोहेनशी फासे खेळायला बसते. नियती सहा टाकते. आता जिंकायला सात हवेत, आणि फाशाला बाजू सहाच. कोहेन फासा उडवतो, हवेतच तलवारीने त्याचे दोन तुकडे करतो. एका तुकड्यावर सहा, दुसऱ्यावर एक. सात. द्यूतात सगळं हरलेल्या पांडवांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला हे पान वाचून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. समोरचा खेळ लबाडीचा आहे हे ओळखून खेळाची मांडणीच चिरून टाकणारा माणूस मेल्यावर दिलेल्या घोड्यावर निमूट मागे बसेल? तो घोडाच पळवणार. शेवट याहून वेगळा झाला असता तर फाशाचा प्रसंग खोटा ठरला असता.

गावठाण

निशाचर +१.

एक भर. प्रॅचेटला स्वतःला अल्झायमरच्या एका दुर्मीळ प्रकाराने गाठलं आणि २०१५ मध्ये तो गेला. हे माहीत असल्यावर या पुस्तकातला देवांवरचा राग वेगळाच लागतो. स्वतःचं एकेक काढून घेतलं जाणार हे माहीत असलेल्या माणसानेच असं लिहावं.

जुनं पान

गावठाण, इथे मात्र थांबवतो. आजाराचं निदान जाहीर झालं डिसेंबर २००७ मध्ये, पुस्तक आलं २००१ मध्ये. लिहिताना प्रॅचेट पन्नाशीत होता, धडधाकट होता. आजाराची छाया मागे नेऊन वाचली तर त्याच्या कल्पनाशक्तीचं श्रेय आपण आजाराला देऊन बसतो. म्हातारपण न भोगता त्याने ते इतकं आतून लिहिलं, यातच त्याचं मोठेपण आहे. इंग्रज कवी टेनिसनने म्हाताऱ्या ग्रीक वीर युलिसिसची शेवटची सफर लिहिली तेव्हा तो विशी-पंचविशीतला होता. अनुभव आला म्हणूनच लिहिता येतं असं नसतं.

निशाचर, तुमचा वाल्किरींचा मुद्दा वजनदार आहे. पण युधिष्ठिराच्या नकाराला किंमत आहे. कुत्र्यासाठी तो स्वर्ग गमावायला तयार होतो, भावांसाठी नरकात थांबायला तयार होतो. कोहेनच्या नकाराची किंमत कुणी मोजली? घोडे मिळाले, तारे मिळाले, सोबती मिळाले. काहीच न गमावता केलेला नकार मला हलवत नाही.

खडीसाखर

शेवटाआधी मला सुरुवातीबद्दल बोलायचंय.

माझे वडील ८४ वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात. सकाळी कवळी बसवण्यापासून रात्री गरम पाण्याच्या पिशवीपर्यंत सगळं मी बघते. १९८६ च्या 'द लाइट फँटॅस्टिक'मध्ये कोहेन पहिल्यांदा येतो तो बोळक्या तोंडाचा, शब्द फसफसत बोलणारा. आयुष्यातल्या सर्वोत्तम गोष्टी कोणत्या असं विचारल्यावर तो गरम पाणी, दातांची चांगली सोय आणि मऊ टॉयलेट पेपर असं सांगतो. १९८२ च्या कॉनन सिनेमातला नायक याच प्रश्नाला शत्रूंना चिरडण्याचं उत्तर देतो, त्याचं हे विडंबन. लोक या पानावर खदखदून हसतात. मला पहिल्यांदा हसू आलं नाही. बोबडेपणा कागदावर उमटवून हसवणं ही फार स्वस्त युक्ती आहे, आणि ती म्हाताऱ्यांवरच वापरली जाते.

पण ते उत्तर घेऊन मी बराच काळ बसले, कारण ते खरं आहे. बाबांना विचारलं तर ते अगदी हेच सांगतील. कोहेनला दात नाहीत हा विनोद तिथेच संपत नाही. कवळी म्हणजे काय हे त्याला एक साधा पर्यटक समजावून सांगतो आणि मग ट्रोलच्या (दगडी राक्षसाच्या) हिऱ्याच्या दातांची कवळी त्याला मिळते. पुढच्या सगळ्या पुस्तकांत तो हिऱ्यांनी चावतो. म्हणजे लेखक शरीराची उणीव लपवत नाही, तिची दुरुस्ती करतो. 'इंटरेस्टिंग टाइम्स'मध्ये टोळीतल्या एकाच्या दोन काठ्यांवर 'लव्ह' आणि 'हेट' लिहिलंय, जसं गुंड बोटांवर गोंदवतात. काठी लागते हे मान्य, पण काठीवर काय लिहायचं हे मी ठरवणार.

म्हणून जुनं पान, गुडघे-दात-कान काढून घेणं हा अपमान, हे तुमचं वाक्य मला पटत नाही. अपमान तेव्हा होतो जेव्हा बाकीचे गृहीत धरतात की गुडघ्यांबरोबर माणूसही गेला. दवाखान्यात बाबा समोर बसलेले असताना 'यांना शुगर आहे का' असं मला विचारतात, तेव्हा होतो. कोहेनची टोळी जिंकते ती दर वेळी याच गैरसमजावर. समोरच्या तरुण शिपायांना पाच-सहा थेरडे दिसतात. म्हातारं होईपर्यंत लढत राहिलेला माणूस म्हणजे आजवर एकदाही न हरलेला माणूस, हा हिशोब त्यांना सुचतच नाही.

रानजाई

खडीसाखर, प्रतिसाद फार आवडला. आता मी दोन्ही पक्षांशी भांडते.

व्हेनाचं नाव एवढ्या चर्चेत कुणीच घेतलं नाही. 'काळ्याभोर केसांची व्हेना', तरुणपणी कोहेनच्या तोडीची योद्धा. मधल्या काळात तिने संसार केला, केस पांढरे झाले, आणि वाटेत ती टोळीला येऊन मिळते. हातात विणकाम असतं आणि तलवारही तितकीच सराईत चालते. देवांवर राग काढायचा कारण आपला शेवट गोष्टीसारखा झाला नाही, हे या पुरुषांचं दुखणं आहे. व्हेनाने गोष्टीबाहेरचं आयुष्य जगून बघितलंय. तिला त्या मोहिमेत का जावंसं वाटलं, हे पुस्तक पुरेसं सांगत नाही. माझ्या मते पुस्तकाची खरी उणीव ही आहे, घोडे नव्हेत.

दुसरं म्हणजे जग. पिंप फुटलं असतं तर सगळे मेले असते. तान्ही मुलं, शेतकरी, सगळे. आपलं म्हातारपण नीट गेलं नाही म्हणून जग जाळायला निघालेल्यांबद्दल तुम्ही सगळे 'राग स्वच्छ आहे' म्हणताय! कॅरट समोर आला नसता तर? त्यांना थांबवतं काय, तर गोष्टीचा नियम. एकटा विरुद्ध अनेक. लोक मरतील हे कळल्यावर ते हादरतात हे खरं, तसा हेतू त्यांचा नव्हता. पण निघण्याआधी विचारायला हवं होतं. वयाने ही सूट मिळत नाही.

निशाचर

रानजाई, जगाबद्दलचा आक्षेप मान्य. व्हेनाबद्दलही.

जुनं पान, किंमत विचारलीत म्हणून. या प्रवासात ते एका शाहिराला पळवून आणतात, आपला पोवाडा रचायला. सगळा आटापिटा लक्षात राहण्यासाठी. त्याच शाहिराला ते मागे सोडतात. घोडे पळवल्यानंतर जे काही होईल ते गाणारा, बघणारा कुणी नाही. ज्यांनी आयुष्यभर कीर्तीसाठी तलवार चालवली त्यांच्यासाठी ही किंमत लहान नाही. आणि घोड्यावर बसल्यावर ते पहिल्यांदा काय करतात? अग्नी चोरला म्हणून खडकाला जखडलेला पहिला वीर, ज्याचं काळीज रोज गरुड खातो, त्याच्याकडे जातात. त्याच्या हातात तलवार देतात. तुमच्या मते जिथे पुस्तक संपायला हवं होतं तिथे ते संपलं असतं, तर तो माणूस तसाच साखळीत राहिला असता.

जुनं पान

गरुडाचं पान मी विसरलो नव्हतो, पण ते शेवटाचं समर्थन म्हणून वाचलं नव्हतं. तरी माझा आग्रह कायम. ती तलवार त्यांनी कड्यावर जाण्याआधी द्यायला हवी होती, जिवंतपणी, दुखऱ्या गुडघ्यांनी तो खडक चढून. तेव्हा ती महाग पडली असती. मेल्यावर उडत्या घोड्यावरून जाऊन दिली, ती मला स्वस्त वाटते.

खडीसाखर

ज्याला साखळी आहे त्याला ती स्वस्त वाटली नसेल, जुनं पान. द्यायला कोण किती दमला हे तो मोजत बसत नाही. आणि कड्यावर जाण्याआधी ते कुणाला सोडवायला गेलेच नसते, तेव्हा त्यांना देवांचं घर उडवायचं होतं. कॅरटसमोर हरल्यावरच त्यांना तो साखळीतला वीर आठवतो. रानजाई, तुम्ही 'इंटरेस्टिंग टाइम्स' वाचलंय का? त्यातल्या निवृत्त मास्तरांबद्दल तुमचं मत ऐकायचंय. आयुष्य वर्गात घालवून म्हातारपणी टोळीत शिरलेला तो एकच माणूस, आणि व्हेनाच्या बाबतीत जे सांगायचं राहिलं ते त्याच्या बाबतीत बरंच सांगितलंय असं मला वाटतं.