लाल काउंटी, निळी काउंटी: छोट्या अमेरिकन गावांतले निवडणुकीचे अनुभव

आम्ही आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, हॉवर्ड काउंटीत राहतो. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी; रिपब्लिकन जिंकले तर ती लाल, डेमोक्रॅट जिंकले तर निळी. मुख्य गाव क्रेस्को. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग इथल्याच हायस्कुलात शिकले. चहूकडे मका आणि सोयाबीन. या काउंटीनं २०१२ मध्ये डेमोक्रॅट ओबामांना जवळपास २१ टक्क्यांची आघाडी दिली आणि २०१६ मध्ये रिपब्लिकन ट्रम्पना २० टक्क्यांची. तीच घरं, तीच माणसं.

आमच्या शेजारच्या आजोबांनी दोघांनाही मत दिलं. त्यांचं म्हणणं, २००८ साली बँका बुडवणाऱ्यांचा राग होता. पुढेही राग तोच राहिला, फक्त तो बोलून दाखवणारा माणूस बदलला. २०१८ मध्ये ट्रम्पनी चिनी मालावर लावलेल्या जकातीला उत्तर म्हणून चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर जकात बसवली आणि भाव पडले. मी भीतभीतच विचारलं, आता काय? कोठाराच्या पत्र्यावर हात ठेवून ते म्हणाले, “निदान आमच्यासाठी कुणी भांडतंय तरी.” मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पण पुण्याहून बहीण फोनवर “तुमच्याकडची माणसं अशी कशी गं?” विचारते, तेव्हा मला हेच आजोबा दिसतात. हिमवादळात आमचा रस्ता न सांगता मोकळा करून देणारे.

तुमच्या गावात काय पाहिलंत? आकडे कुठेही मिळतील. माणसं काय बोलली ते लिहा.

यंग्सटाउनजवळून, ओहायो

मी डॉक्टर. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं, या व्हिसाच्या अटीमुळे इथे आले आणि इथलीच झाले. माझे निम्मे म्हातारे पेशंट पोलाद कारखान्यातले. १९ सप्टेंबर १९७७ ही तारीख ते घरातल्या मयताची सांगावी तशी सांगतात. त्या सोमवारी मोठा कारखाना बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि हजारो माणसं घरी बसली.

एका आजोबांच्या पाकिटात अजून युनियनचं कार्ड आहे, घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं. जन्मभर डेमोक्रॅट. २०१६ मध्ये मला म्हणाले, “नाफ्टावर सही क्लिंटनची. आता मत मागायला पुन्हा क्लिंटनच?” नाफ्टा म्हणजे मेक्सिको आणि कॅनडाशी झालेला मुक्त व्यापाराचा करार; सही बिल यांची, आता उमेदवार त्यांची बायको हिलरी. तेव्हा आमची महोनिंग काउंटी थोडक्या फरकानं डेमोक्रॅट राहिली, २०२० मध्ये हातची गेली. १९७२ च्या निक्सननंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवार इथे जिंकला.

मधल्या काळात, २०१७ च्या जुलैत, ट्रम्प इथे येऊन सांगून गेले होते की नोकऱ्या परत येताहेत, घरं विकू नका. २०१९ च्या मार्चमध्ये शेजारच्या लॉर्ड्सटाउनचा मोटार कारखाना थांबला. त्याबद्दल विचारलं तर आजोबा काहीच बोलले नाहीत. बाही वर सारून बीपी बघायला हात पुढे केला.

गावाचं नाव लिहीत नाही

ताई, तुमचे आजोबा चांगलेच असतील. पण आमचा अनुभव इतका मऊ नाही. आम्ही अंगणात उमेदवाराची पाटी लावली, ती दोनदा उपटून नेली. मुलाला शाळेच्या बसमध्ये “परत जा” ऐकावं लागलं. तो इथेच जन्मलाय. रस्ता साफ करून देणारा शेजारी आम्हालाही आहे, पण त्या आठवड्यात तोही काही बोलला नाही, आणि ते मला जास्त लागलं. तिसऱ्यांदा पाटी लावली नाही. मत मात्र दिलं.

न्यू हॅम्पशायर

आमच्या राज्यात डिक्सविल नॉच नावाची चिमुकली वस्ती आहे, तिथे मध्यरात्री मतदान होऊन लगेच मोजणी होते. २०२० मध्ये पाचच्या पाच मतं बायडेन यांना, २०२४ मध्ये हॅरिस तीन, ट्रम्प तीन. सहा मतांची वस्तीही बरोबर अर्धी-अर्धी!

ईरी काउंटी, पेनसिल्व्हेनिया

आमची काउंटी ओबामांना दोनदा, मग ट्रम्प, मग बायडेन, मग पुन्हा ट्रम्प. २०१६ आणि २०२० मध्ये फरक दोन हजारांच्या आत.

नागरिकत्व मिळाल्यावर मी मतदान केंद्रावर काम करायला लागलो. मंगळवार, कामाचा दिवस. सकाळी सात ते रात्री आठ, चर्चच्या तळघरात. आई तेव्हा इथे होती. तिला आश्चर्य वाटलं, बोटाला शाई कशी नाही? मी तिला छातीवर लावायचा स्टिकर दिला. तो तिनं पासपोर्टच्या कव्हरात जपून ठेवला.

माझ्या टेबलावर दोन बायका असतात, एक या पक्षाची, एक त्या पक्षाची. नियमच तसा आहे. दोघी एकाच गल्लीतल्या. २०१६ पासून थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरातल्या सणाच्या जेवणाला, एकमेकींकडे जात नाहीत. पण रात्री आठला दार बंद झालं की मशीनमधून निघालेली कागदाची लांब पट्टी एक धरते, दुसरी आकडे मोठ्यानं वाचते, आणि दोघी खाली सही करतात. एक प्रत दारावर चिकटवायची असते. गेल्या वेळी वाऱ्यानं ती सारखी उडत होती. एकीनं दोन्ही तळहातांनी दाबून धरली, दुसरीनं चिकटपट्टी लावली.