‘वैऱ्यावर कृपा’ म्हणावे की ‘वैऱ्यावर प्रीती’?

विचारणा

दादरच्या आमच्या चर्चमध्ये रविवारच्या वर्गासाठी बायबलमधील प्राण्यांवर मराठी पाठ लिहिले जात आहेत. मसुद्यात ‘गाढवाच्या गोष्टीतून आपण वैऱ्यावर कृपा करायला शिकतो’ असे वाक्य असून त्यातला ‘कृपा’ हा शब्द काहींना खटकतो. ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातले शब्द सर्वांच्या तोंडी आहेत, तेव्हा ‘प्रीती’च ठेवावी, असे त्यांचे म्हणणे आहे. मराठीच्या अंगाने काय योग्य?

पहिला प्रतिसाद

‘कृपा’ काढावी, असे माझे मत आहे. मराठीत कृपा वरून खाली येते: देवाची भक्तावर, गुरूची शिष्यावर, फार तर साहेबाची कारकुनावर, आणि या शेवटच्या प्रकाराला आपण मुंबईकर ‘मेहेरबानी’ म्हणून नाक मुरडतोच. भांडलेल्या शेजाऱ्याविषयी कोणी ‘मी त्याच्यावर कृपा केली’ म्हणाला, तर ऐकणाऱ्याला त्यात माया कमी आणि तोरा जास्त जाणवेल.

ही गोष्ट बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 23व्या अध्यायातल्या चौथ्या व पाचव्या वचनांतली असावी. वैऱ्याचा बैल किंवा गाढव भरकटलेले दिसले तर ते त्याच्याकडे पोहोचवायचे, आणि आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर काणाडोळा न करता ते सोडवायचे, अशी ती आज्ञा आहे. मूळ हिब्रूत तिथे ‘त्याच्यासह’ अशा अर्थाचा शब्द आहे, आणि खरी मेख त्यातच आहे. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहाच्या बाबा मेत्सिया या भागात त्यावरून असा निवाडा दिला आहे की, मालक खुशाल बाजूला बसला आणि ‘आज्ञा तुला आहे, तूच उतरव’ म्हणाला, तर वाटसरू मोकळा. मालक म्हातारा किंवा आजारी असेल तर मात्र वाटसरूने एकट्यानेही ओझे उतरवलेच पाहिजे. मिश्नावरील चर्चेचा ग्रंथ असलेले ताल्मूद त्यापुढे जाते. एरवी जनावर कळवळत असते म्हणून ओझे उतरवणे आधी. पण मित्राचे ओझे उतरवायचे आणि वैऱ्याचे चढवायचे असा पेच पडला, तर आधी वैऱ्याकडे जावे, म्हणजे स्वतःच्या मनाला लगाम बसतो.

दोन वैरी एकाच ओझ्याला दोन बाजूंनी हात लावून उभे आहेत, असे हे चित्र आहे. मस्जिद बंदरला चढावर अडलेल्या हातगाडीला मागून रेटा देणारा माणूस गाडीवाल्यावर कृपा करत नसतो, तो हातभार लावत असतो. आणि या प्रसंगाला ‘हातभार’ याहून नेमका शब्द मला सुचत नाही. ‘भूतदया’ इथे तोकडी पडते, कारण तिच्यात गाढव येते, त्याचा मालक येत नाही. ‘प्रीती’ चुकीची नाही, पण आजच्या मुलांना ती मनात दाटून यावी लागते असे वाटेल, आणि निर्गमातली आज्ञा तर मनात काय आहे ते विचारतही नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील मत पटते, पण एक पुस्ती जोडतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, वैऱ्यांवरील प्रीतीच्याच उपदेशात, ‘प्रीती करणाऱ्यांवरच प्रीती केलीत तर त्यात तुमचे काय?’ अशा आशयाचे वाक्य आहे, आणि ग्रीक मुळात तिथे ‘खारिस’ हा शब्द आहे, ज्याला इतरत्र आपण कृपा म्हणतो. ग्रीकमध्ये तो देणाऱ्याचे दान आणि घेणाऱ्याचे आभार अशा दोन्ही बाजूंनी चालतो, मराठी ‘कृपा’ तशी उलटी वळत नाही. म्हणून त्या वाक्यात ‘उपकार’ किंवा ‘श्रेय’ घ्यावे लागते.

कृपा समजावायचीच असेल तर चिमण्यांचा पाठ घ्यावा. मत्तय एका दमडीला दोन चिमण्या सांगतो, लूक दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी नुसती वर टाकलेली, आणि देवाला तिचाही विसर पडत नाही. देवाने निनवे नगराकडे पाठवलेल्या योना या संदेष्ट्याच्या पाठात मात्र निनवेकरांना ‘वैरी’ऐवजी ‘शत्रू’ म्हणावे, असे सुचवतो. वैर ओळखीच्या माणसाशी, भाऊबंदाशी, बांधाला बांध असलेल्याशी असते. योनाची चीड अख्ख्या परक्या नगरावर होती, आणि त्या नगरातल्या 1,20,000 हून अधिक माणसांबरोबर देव गुराढोरांचीही आठवण करून देतो, तिथे ‘कृपा’ निःशंक वापरावी.